वाचकांचे प्रश्न : भाजीचा प्लॉट देखणा कसा दिसेल?

या वेळच्या टपालातील चार पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करते. इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिल किंवा एखादी संस्था नागरिकांना भाजीपाला पिकवण्यासाठी वार्षिक भाड्याने जमिनीचा लहानसा तुकडा देते. तो घरापासून वेगळा, बहुधा अनेक प्लॉटांच्या समूहात असतो आणि त्याला अलॉटमेंट म्हणतात. मागणी असल्यास अशी जमीन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. पूर्ण प्लॉट परंपरेने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा धरतात. रॉड म्हणजे काठीच. आपल्याकडेही पूर्वी शेतजमीन काठीनेच मोजत असत, त्यामुळे हे माप मला कधी परके वाटले नाही.

प्रश्न : तीन वर्षे प्रतीक्षायादीत काढल्यावर आम्हाला लेस्टरमध्ये अर्धा प्लॉट मिळाला. तो साधारण १८ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे. आधीच्या भाडेकरूने तेथे मोडक्या फळ्या, प्लास्टिकचे ड्रम आणि एक कुजका गालिचा टाकून दिला होता, आणि तण कमरेएवढे होते. गेल्या उन्हाळ्यात जेथे जागा मोकळी झाली तेथे आम्ही मेथी, कोथिंबीर आणि बटाटे लावले. भाजी चांगली आली, पण शेजारच्या प्लॉटांपुढे आमचा प्लॉट अगदीच ओबडधोबड दिसतो. मला फुले लावायची आहेत. यजमानांचे म्हणणे असे की जागा भाजीसाठी दिलेली आहे, फुले लावली तर नोटीस येईल. शोभेसाठी कमानी, कुंड्या, रंगीत दगड यांपैकी काय आणावे, तेही सांगावे. (एक भगिनी, लेस्टर)

उत्तर : आधी आपल्या यजमानांच्या शंकेविषयी लिहिते, कारण ती रास्त आहे. अलॉटमेंट गार्डन कशाला म्हणावे याची व्याख्या १९२२ च्या कायद्यात आहे. भाडेकरू जी जमीन स्वतःच्या आणि कुटुंबाच्या वापरासाठी, पूर्णपणे किंवा मुख्यत्वेकरून, भाजीपाला आणि फळे पिकवण्याकरिता कसतो ती जमीन, असा त्या व्याख्येचा आशय आहे. यातील ‘मुख्यत्वेकरून’ हा शब्द आपल्या उपयोगाचा आहे. मुख्य पीक भाजी-फळांचे असले की वाफ्यांच्या कडेने आणि मधूनमधून फुले लावण्यास या व्याख्येची आडकाठी नाही. तथापि प्रत्येक ठिकाणचा करारनामा वेगळा असतो. किती भाग लागवडीखाली असावा, शेड केवढी असावी, कोणती झाडे चालतील हे त्यात लिहिलेले असते, म्हणून तो दोघांनी एकदा शेजारी बसून शब्दशः वाचावा. माझ्या पाहण्यात ज्यांना नोटिसा आल्या त्या पडीक जागेबद्दल आणि शेजाऱ्याकडे पसरणाऱ्या तणाबद्दल आल्या, फुलांबद्दल एकही आलेली मला आठवत नाही.

शोभेच्या वस्तूंबाबत माझी कळकळीची विनंती आहे की पहिले वर्षभर काहीही विकत आणू नये. भाजीच्या जमिनीला देखणेपण येते ते सरळ कडांनी, स्वच्छ वाटांनी आणि निरोगी पिकांनी. या तीन गोष्टी असल्या की त्यावर एखादी कमान शोभून दिसते, आणि नसल्या तर तीच कमान अडगळीत आणखी एका वस्तूची भर घालते. पहिले काम म्हणून तो गालिचा उचलून टाकावा. जुने गालिचे अंथरून तण दाबण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती, पण त्यांतील कृत्रिम धागे आणि रंग मातीत उतरतात, म्हणून आता अनेक ठिकाणी त्यांना मनाई आहे.

दुसरे काम तणाची जात ओळखण्याचे, आणि ते झाल्याशिवाय कुदळ किंवा यंत्र मुळीच चालवू नये. इंग्लंडमधील दोन तणे विशेष चिवट आहेत. एक बाइंडवीड, म्हणजे पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांचा, रताळ्याच्या कुळातील वेल. दुसरे काउच ग्रास, जे पाहून आपल्याकडच्या शेतकऱ्याला हरळी आठवेल. दोन्हींचा जमिनीखालचा बोटभर तुकडा राहिला तरी त्यातून नवे रोप उगवते. आमच्या पहिल्या प्लॉटवर आम्ही भाड्याने आणलेले नांगरटीचे यंत्र फिरवले होते. तीन आठवडे माती काळीभोर आणि भुसभुशीत दिसत होती. मेअखेरीस मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून वेल फुटला आणि तो आटोक्यात आणण्यात आमची पुढची चार वर्षे गेली. आपल्यावर ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

म्हणून सगळा प्लॉट एकदम उघडू नये. या वर्षी वाटेजवळचा एक तृतीयांश भाग हाताने, बागकामाच्या दातेरी काट्याने मुळे वेचत साफ करावा आणि उरलेल्या भागावर पुठ्ठे अंथरून त्यावर तण दाबण्याचे जाड काळे कापड पसरावे. त्याच्या कडा मातीत नीट पुराव्यात, नाहीतर वाऱ्याने ते फडफडते आणि सारा प्लॉट ओसाड दिसू लागतो. मेच्या अखेरीस, थंडीची धास्ती संपल्यावर, या कापडाला चिरा पाडून त्यांत लाल भोपळ्याची रोपे लावावीत. ऑगस्टपर्यंत त्यांची रुंद पाने आणि पिवळी फुले सगळे काळे कापड झाकून टाकतात, खाली तण उपासमारीने खंगत जाते आणि जागा लागवडीखालीही राहते.

आता आखणी. ७ मीटर रुंदीच्या मधोमध ९० सेंटीमीटरची सरळ वाट काढावी, म्हणजे एकचाकी गाडी आरामात जाते. तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीन मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद वाफे काटकोनात घ्यावेत आणि दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंटीमीटरची पाऊलवाट सोडावी. या हिशेबाने प्रत्येक बाजूस दहा वाफे बसतात आणि टोकाला कंपोस्टसाठी दीड मीटरचा पट्टा उरतो. १.२ मीटर ही रुंदी यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही. सगळे वाफे एकाच मापाचे असले की त्यांत काहीही पेरले तरी नजरेला एक लय सापडते. हे सारे खुंट्या ठोकून आणि सुतळी ताणून करावे. अंदाजाने काढलेली वाट कागदावर सरळ असते, जमिनीवर नसते.

वाफ्यांना फळ्यांची चौकट हवीच असे नाही. फळ्यांच्या मागे गोगलगायी दडून बसतात आणि काही वर्षांनी फळ्या कुजून वाकतात. लावायच्याच असतील तर सगळ्या एकाच उंचीच्या असाव्यात, आणि जुने रेल्वे स्लीपर मात्र वापरू नयेत, कारण ते क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात. माझे मत विचाराल तर अर्धचंद्राकृती पात्याच्या अवजाराने मातीची कड वर्षातून दोनदा कापून घेणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुबक. वाटांवर पुठ्ठा आणि त्यावर आठ-दहा सेंटीमीटर लाकडाचा चुरा पसरावा. झाडे छाटणारे लोक तो अनेक प्लॉटसमूहांवर फुकट आणून टाकतात. गवताच्या वाटा हिरव्यागार आणि सुंदर दिसतात हे खरे, परंतु मे-जूनमध्ये त्यांच्या कडा दर आठवड्याला कापाव्या लागतात आणि काउच ग्रास तेथूनच वाफ्यांत शिरते, म्हणून नोकरी सांभाळून बाग करणाऱ्यांना मी त्या सुचवत नाही.

सपाट जमिनीला उंची देणे हा पुढचा भाग, आणि तो मला सर्वांत आनंदाचा वाटतो. मधल्या वाटेच्या शेवटी, कंपोस्टच्या अलीकडे, आठ फुटी बांबूंचा मांडव उभारावा आणि त्यावर रनर बीन चढवावा. हा घेवड्याचाच भाईबंद. त्याची शेंदरी-लाल फुले जुलैपासून शरद ऋतूपर्यंत येत राहतात, आणि मध्य अमेरिकेतून आलेला हा वेल इंग्लंडमध्ये सुरुवातीला शेंगांसाठी नव्हे तर फुलांसाठीच लावला जात असे. आपल्या यजमानांना हे जरूर सांगावे : तो लावला म्हणजे भाजीही लावली आणि फुलेही लावली. लाल-पांढऱ्या दुरंगी फुलांची ‘पेंटेड लेडी’ ही त्याची जुनी जात फार देखणी आहे. बी एप्रिलअखेर घरात कुंडीत लावावे किंवा मेच्या मध्यानंतर थेट जमिनीत टोचावे. शेंगा कोवळ्या असतानाच दर दोन-तीन दिवसांनी तोडाव्यात, नाहीतर वेल फुले धरणे थांबवतो.

रंगांसाठीही भाजीकडेच पाहावे. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात व्हिलांड्री नावाची गढी आहे. ती १९०६ मध्ये जोआकिम कार्वालो यांनी घेतली आणि तेथे भाजीची अशी बाग उभी केली की लोक दूरदूरच्या देशांतून ती पाहायला येतात. सारख्या आकाराचे नऊ चौक, प्रत्येकाची आतली नक्षी वेगळी, आणि त्या नक्षीत भरलेले रंग लाल कोबीचे, निळसर लीकचे, बिटाच्या पानांचे आणि गाजराच्या पोपटी पाल्याचे. तेथील बॉक्स नावाच्या झुडपाची कुंपणे मात्र आपण उचलू नयेत. त्या झुडपावरचा पतंग २००७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम आढळला आणि त्याच्या अळ्यांनी आता दक्षिण इंग्लंडमधील पुष्कळ कुंपणे बोडकी केली आहेत. कडेला चाइव्हज, पार्सली किंवा थाइम लावावे. चाइव्हजना मे-जूनमध्ये जांभळे गोंडे येतात आणि ते ओसरल्यावर झाड जमिनीलगत कापले की पुन्हा कोवळी पात फुटते.

एका वाफ्यात तांबड्या, पिवळ्या, गुलाबी देठांचा स्विस चार्ड, शेजारच्या वाफ्यात निळसर काळपट पानांचा इटालियन केल, त्यापुढे जांभळा नवलकोल आणि चाकवताच्या कुळातील लाल ओरॅच असे लावून पाहावे. त्याला कोणत्याही रंगीत दगडाची जोड लागणार नाही. आपल्या मेथी-कोथिंबिरीलाही यात मानाची जागा आहे. फक्त ती मुठीने फेकून न पेरता वाफ्याच्या रुंदीभर हातभर अंतराचे आडवे पट्टे आखून पेरावी, म्हणजे मेथीचा गडद पट्टा आणि कोथिंबिरीचा फिकट पट्टा असे पट्टेरी लुगडे पसरल्यासारखे दिसते आणि खुरपणीही सोपी होते. लाल माठ मेअखेरीस माती उबदार झाल्यावर पेरावा. कोथिंबीर एप्रिल-मे आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरावी. जूनमधील लांब दिवस आणि कोरडी हवा यांमुळे ती पाने धरण्याआधीच फुलावर येते. पण फुलावर आलेली सगळी उपटू नये. एक पट्टा तसाच ठेवावा. त्याच्या पांढऱ्या झुपक्यांवर मधमाशीसारख्या दिसणाऱ्या हॉवरफ्लाय नावाच्या माश्या मधासाठी येतात आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जातींच्या अळ्या मावा खातात. शेजारच्या घेवड्याला त्याचा लाभ होतो आणि लाल माठापलीकडे डोलणारी ती पांढरी फुले डोळ्यांना सुखावतात.

शेवटी निव्वळ फुले. पहिल्या वर्षी दोनच जाती घ्याव्यात, पण भरपूर घ्याव्यात. माझी पहिली पसंती झेंडूला आहे. त्याचे मूळ मेक्सिकोत असले तरी दसऱ्याचे तोरण त्याच्याविना होत नाही, आणि स्वतःच्या प्लॉटवरच्या फुलांचे तोरण परदेशातल्या दारावर लावण्यातला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये घरात खिडकीशी बी पेरावे, मेअखेर रोपे मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना ओळीने लावावीत आणि सुकलेली फुले खुडत राहावीत, म्हणजे पहिल्या कडक थंडीपर्यंत बहर टिकतो. कोवळ्या रोपांवर गोगलगायी तुटून पडतात. त्यांच्यासाठी पूर्वी मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे, म्हणून फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या वापराव्यात किंवा संध्याकाळी बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात. दुसरी पसंती डेलियाला. कंद मेच्या मध्यानंतर लावावेत, आणि पहिल्या कडक थंडीने पाने काळी पडली की उपटून, माती झटकून, शेडमध्ये कोरड्या जागी ठेवावेत.

स्वीट पी ही वेल सर्वांनाच आवडते आणि तिचा सुगंध अप्रतिम असतो. परंतु तिच्या शेंगा आणि दाणे मटारसारखे दिसतात आणि ते विषारी आहेत. मटार आणि स्वीट पी एकाच जाळीवर कधीही चढवू नयेत, आणि घरात लहान मुले असतील तर स्वीट पी लावण्याचे काही वर्षे लांबणीवर टाकावे.

प्रश्न : आमच्या प्लॉटवर जुनी शेड, निळ्या पाइपांच्या कमानींवर टाकलेली जाळी आणि पाण्याचे तीन वेगवेगळे ड्रम आहेत. या वस्तू काढता येत नाहीत, पण त्या फार डोळ्यांत भरतात. कुंपण घालून त्या झाकाव्यात का? (एक दांपत्य, रेडिंग)

उत्तर : कुंपण घालण्यास बहुतेक ठिकाणी परवानगी लागते आणि त्याची सावली शेजाऱ्याच्या वाफ्यावर पडते, म्हणून तो विचार सोडावा. नॉटिंगहॅममधील सेंट ॲन्स अलॉटमेंटमध्ये प्रत्येक बागेला उंच कुंपणझाडी आहे खरी. सुमारे ७५ एकरांवरील ती एकोणिसाव्या शतकातील नगरउद्याने आज ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित आहेत आणि आपण ती एकदा अवश्य पाहावीत, पण तेथील रचनाच मुळी बंदिस्त बागांची आहे.

आपल्या बाबतीत वस्तूंची संख्या हा प्रश्न नाही, त्यांच्या विसंगतीचा आहे. कोबीवर्गातील भाज्यांना कबुतरे आणि पांढरी फुलपाखरे यांच्यापासून जाळीनेच वाचवावे लागते, म्हणून जाळी राहणारच. निळ्या पाइपांऐवजी काळे पाइप घ्यावेत, सगळ्या कमानी एका उंचीच्या कराव्यात आणि काळी किंवा हिरवी जाळी ढोलकीच्या पानासारखी ताणून खाली खुंट्यांनी बसवावी. सैल, लोंबणारी जाळी प्लॉटची सारी कळा घालवते आणि तिच्यात पक्षीही अडकतात. शेडला गडद हिरवा किंवा काळपट करडा रंग द्यावा, म्हणजे ती मागे सरल्यासारखी वाटते आणि पुढची फुले उठून दिसतात. ड्रम शेडच्या पन्हाळीखाली एका ओळीत आणावेत आणि त्यांनाही तोच रंग द्यावा. त्यांच्यापुढे सूर्यफुलांची एक रांग पुरेशी आहे.

प्रश्न : म्युनिकमध्ये आम्हाला क्लाइनगार्टन, म्हणजे संस्थेकडून भाड्याने मिळणारी छोटी बाग, मिळाली आहे. आम्हाला हिरवळ आणि फुलझाडे हवी आहेत, पण संस्थेचे पदाधिकारी म्हणतात की एक तृतीयांश जागेत भाजी-फळे असलीच पाहिजेत. हा नियम खरा आहे का, आणि तो पाळून बाग सुंदर कशी ठेवावी? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : नियम खरा आहे. जर्मनीत या बागांसाठी १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, आणि लाउबे, म्हणजे बागेतील झोपडी, छपरी ओट्यासह २४ चौरस मीटरपर्यंतच असावी. बागेचा उपयोग स्वतःपुरते पीक घेण्यासाठी आणि विसाव्यासाठी, अशा दोन्हींसाठी आहे. यातील पिकाचा वाटा साधारणपणे किमान एक तृतीयांश असावा, असे तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये ठरवले. पुष्कळ लोक या बागांना श्रेबर यांचे नाव देतात. लाइपझिगचे ते डॉक्टर १८६१ मध्येच वारले, त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या संस्थेच्या मुलांच्या मैदानाकाठी पुढे बागा उभ्या राहिल्या आणि नाव त्यांचे लागले. म्हणजे मुलांचे खेळणे आणि पीक ही दोन्ही या परंपरेत प्रारंभापासून शेजारी-शेजारी आहेत.

फळझाडेही पिकात धरतात, हे ध्यानात घेतले तर आपली अडचण बरीचशी सुटेल. हिरवळीच्या कडेला लाल आणि काळ्या करंटची झुडपे लावावीत, तारांवर पसरवलेले नासपतीचे झाड पडद्यासारखे उभे करावे आणि त्यांच्या पायाशी स्ट्रॉबेरी अंथरावी. वसंतात हा सगळा भाग फुलांनी भरतो आणि जूनपासून फळे लागतात. झेंडू, घेवडा, भोपळा यांची रोपे बाहेर काढण्याची घाई मात्र करू नये. जर्मन बागवान ११ ते १५ मे हे ‘हिमसंतां’चे, म्हणजे ज्या संतांच्या स्मरणदिनी शेवटची कडक थंडी येते असे मानतात त्यांचे, दिवस सरण्याची वाट पाहतात आणि १५ तारखेची ‘थंड सोफी’ गेल्यावरच नाजूक रोपे लावतात. आपला शेतकरी मृग नक्षत्राची वाट पाहतो, तशीच ही पिढ्यांच्या अनुभवातून आलेली खूण आहे, आणि तिचा मान ठेवणाऱ्याची रोपे सहसा दगावत नाहीत.

प्रश्न : माझे वय ७२ आहे आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. हॅरोमधील माझा प्लॉट उन्हाळ्यात बरा दिसतो, पण ऑक्टोबरनंतर चिखल आणि वाळलेली खोडे एवढेच उरते आणि तेथे जावेसे वाटत नाही. वाकण्याचे काम कमी होईल आणि हिवाळ्यातही बाग जिवंत दिसेल असे काही करता येईल का? (एक ज्येष्ठ वाचक, हॅरो)

उत्तर : दादा, आपण प्लॉट सोडण्याचा विचार केलेला नाही हे वाचून फार बरे वाटले. दर वर्षी पेरावी लागणारी पिके निम्म्यावर आणावीत आणि त्यांच्या जागी एकदा लावून वर्षानुवर्षे टिकणारी लावावीत. ऱ्हूबार्ब, ग्लोब आर्टिचोक, गूसबेरी, काळे करंट ही सगळी तशी आहेत. ऱ्हूबार्बचे फक्त देठ खायचे, पाने विषारी असतात, हे भाजी वाटून घेणाऱ्या शेजाऱ्यांनाही सांगावे. मुख्य वाटेच्या कडेला ‘एम २७’ या अतिठेंगण्या खुंटावर कलम केलेली सफरचंदे गुडघाभर उंचीवर आडव्या तारेला बांधून वाढवता येतात. वसंतात त्यांना फुले येतात, शरदात फळे लागतात आणि हिवाळ्यात त्यांच्या उघड्या फांद्यांचीच एक रेखीव चौकट दिसते. हे झाड लावण्यापूर्वी करारनामा पाहावा. दोन वाफे ६० सेंटीमीटर उंच बांधून घ्यावेत आणि त्यांची रुंदी एवढीच ठेवावी की काठावर बसून हात मध्यापर्यंत पोहोचेल. त्यांत कोशिंबिरीची पाने, मुळा, मेथी लावावी.

हिवाळ्याची तयारी ऑगस्टमध्ये सुरू होते, आणि बहुतेकांचे तेथेच चुकते. बटाटे, कांदे निघाले की रिकाम्या वाफ्यात लगेच फॅसेलिया किंवा किरमिजी क्लोव्हर पेरावे. दोन्ही हिरवळीची खते आहेत. ती माती झाकून ठेवतात आणि फार कडक हिवाळा न झाल्यास पुढच्या वसंतात फुलतात. फॅसेलियाच्या जांभळ्या फुलांवर तर मधमाश्यांची झुंबड उडते. मोहरीही अशीच पेरतात आणि ती आपल्या ओळखीची आहे, पण ती कोबीच्या कुळातील असल्यामुळे ज्या जमिनीत क्लबरूट हा मुळांचा रोग आहे तेथे पेरू नये. जे वाफे मोकळेच राहतील त्यांच्यावर दोन इंच कंपोस्ट पसरून कडा नीट कापाव्यात. काळ्याभोर, रेखीव वाफ्यांची ओळ जानेवारीच्या फिकट उन्हात खरोखर सुंदर दिसते. तिच्याशेजारी निळसर लीक, काळपट केल आणि ब्रसेल्स स्प्राउटचे उभे खांब असावेत. हे तिन्ही थंडीला दाद देत नाहीत आणि घरात भाजीही येत राहते. सूर्यफुलांची वाळलेली डोकी तेवढी उभी ठेवावीत, पक्षी त्यांतील बिया टिपायला येतात. बाकीची खोडे कंपोस्टमध्ये घालावीत, म्हणजे ती चिखलात कुजत पडलेली दिसणार नाहीत.

वाटांवर ऑक्टोबरमध्ये लाकडाच्या चुऱ्याचा नवा थर दिला तर चिखल होणार नाही आणि पायही घसरणार नाही. आपल्या गुडघ्याच्या दृष्टीने हे काम सर्वांत आधी, कोणाच्या तरी मदतीने, करून घ्यावे. शेडच्या दाराशी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये क्रोकसचे आणि डॅफोडिलचे कंद लावावेत, म्हणजे फेब्रुवारीपासून तेथे रंग दिसू लागतील. डॅफोडिलचे कंद विषारी असून ते कांद्यासारखेच दिसतात, म्हणून ते कांद्या-लसणाच्या वाफ्यापासून लांब लावावेत, जागेवर पाटी रोवावी आणि उरलेले कंद शेडमध्ये कांद्यांच्या जाळीशेजारी टांगू नयेत.